ग्रॅमीची पाच नावं आणि माजलगावच्या ओव्या : नामांकनांची यादी कशी वाचायची?



पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने परवा अंबाजोगाईत मला तिचा विषय दाखवला : ‘ग्रॅमी नामांकनांतून दिसणारे जगाचे संगीत’. विषय चांगला आहे. पण ‘जगाचे’ या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. का मारली, ते सांगते.

४ फेब्रुवारी २०२४ चा ग्रॅमी सोहळा घ्या. ‘बेस्ट ग्लोबल म्युझिक अल्बम’ या विभागात पाच नामांकनं होती. २०२० पर्यंत या विभागाच्या नावात ‘ग्लोबल’ऐवजी ‘वर्ल्ड’ होतं. नाव बदललं, टोपली तीच राहिली. आधी पाचही अल्बमबद्दल माझं मत सांगते, मग पद्धतीकडे येऊ.

पुरस्कार मिळाला तो ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला. जॉन मॅकलॉफलिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, व्ही. सेल्वगणेश आणि गणेश राजगोपालन. या गटाचा १९७७ नंतरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. वादन लखलखीत आहे, याबद्दल वादच नाही. पण काही ठिकाणी सफाई इतकी की मैफलीतली जोखीम ऐकूच येत नाही.

‘एपिफानियास’ हा पेरूच्या सुसाना बाका यांचा. आफ्रिकी वंशाच्या पेरूवासीयांचं संगीत जपण्यात त्यांचं आयुष्य गेलं. २०११ मध्ये त्या देशाच्या सांस्कृतिक मंत्रीही होत्या. अल्बम आला तेव्हा वय ऐंशीच्या घरात. आवाजातलं वय लपवायचा प्रयत्न नाही. माझं मत यालाच गेलं असतं.

‘हिस्टरी’ हा ‘बोकांते’ या गटाचा. मायकेल लीग आणि ग्वादेलूपची गायिका मलिका तिरोलियन यांचा हा गट. क्रेओल भाषेत नावाचा अर्थ देवाणघेवाण. काम नेटकं आहे, पण कधीकधी आधी मिश्रण ठरलं आणि मग गाणं सुचलं, असं वाटत राहतं.

उरलेले दोन नायजेरियाचे : बर्ना बॉयचा ‘आय टोल्ड देम...’ आणि डेव्हिडोचा ‘टाइमलेस’. बर्ना बॉयने अमेरिकी रॅपर सोबत घेतले, तर डेव्हिडोने दक्षिण आफ्रिकेच्या अमापियानोचा ठेका. मला डेव्हिडोचा जास्त आवडला. तो नाचायला लावतो आणि त्याबद्दल संकोच करत नाही. पण त्याची बाकांशी तुलना कोणत्या निकषावर करायची? ऊस आणि कापूस एकाच काट्यावर घातला तर वजन निघेल, भाव निघणार नाही.

इथे एक कबुली. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यानंतर त्यांचा तबला मी तटस्थपणे ऐकू शकत नाही. ‘सफाई जास्त’ हे मत, ओढ लपवायला मुद्दाम कडक झालेलं असू शकतं. प्रबंधात अशी गोष्ट झाकायची नसते, पद्धतीच्या प्रकरणात लिहायची असते.

आता पद्धत. ज्या मूळ यादीतून नमुना निवडतात तिला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात. ग्रॅमीची फ्रेम म्हणजे जगातलं सगळं संगीत नव्हे. ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध झालेला, अमेरिकेत उपलब्ध असलेला आणि कुणीतरी प्रवेशिका भरलेला अल्बम, एवढीच ती फ्रेम. त्यानंतर अकादमीचे सदस्य मत देतात.

आता आपल्या माजलगावला या. १९९६ मध्ये तिथल्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून उभ्या केलेल्या संग्रहात त्या आहेत. पूर्ण संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि २०१७ मध्ये ‘पारी’ने त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी हे आवाज राहिले. पण त्या ओव्यांना ना कंपनी, ना प्रकाशनाची तारीख, ना प्रवेशिका भरणारा कुणी. ग्रॅमीने त्यांना नाकारलं नाही; त्या ग्रॅमीसमोर आल्याच नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मुलाखतीत नेमकं इथेच पकडतात.

पण थांबा. आपली माणसं म्हणून ओव्यांच्या संग्रहाला सूट द्यायची नाही. तिथेही चाळणी आहे. संशोधक कोणत्या गावांत पोचले? परक्या माणसासमोर बायांनी कोणती ओवी गायली आणि कोणती पोटातच ठेवली? हेच प्रश्न तिथेही विचारा.

ज्युनियरने शेवटी शीर्षक बदललं : ‘ग्रॅमीच्या ग्लोबल विभागाची निवडप्रक्रिया’. विषय लहान झाला म्हणून ती जरा हिरमुसली. पण हा विषय तिला तीन-चार वर्षांत पूर्ण करता येईल आणि त्यातलं प्रत्येक वाक्य सिद्ध करता येईल. पहिल्याची खात्री मी दिली नसती.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर आज एवढंच करा. तुमच्या विषयातली एखादी पुरस्कारयादी घ्या, कागदावर तीन रकाने आखा : यादीत कोण आहे, कोण येऊन बाद झालं, आणि कोण दारापर्यंतही पोचलं नाही. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तो भरल्याशिवाय गाइडकडे जाऊ नका.