रसिक, आप्त आणि न्यायाधीश : ‘इन्टू थिन एअर’च्या ग्रहणाविषयी

१

घडून गेलेल्या दुर्घटनेचे कथन वाचणारा वाचक नेमका कोणत्या भूमिकेत असतो, हा प्रश्न वरवर साधा वाटला तरी साहित्यशास्त्राला अडचणीत आणणारा आहे. करुणरसाची आपली उपपत्ती साधारणीकरणावर उभी आहे. शोक हा ‘माझा’ही नाही आणि ‘त्याचा’ही नाही, अशी अवस्था आल्याखेरीज रसास्वाद संभवत नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना स्व-पर भेदात आणि विशिष्ट देशकालात अडकून पडण्याला विघ्न मानले आहे, ते याच कारणाने. सत्यकथनात मात्र देश, काल आणि व्यक्ती यांची विशिष्टता हाच कथनाचा पाया असतो. ती नाहीशी झाली तर कथन सत्य राहत नाही. ती टिकली तर शोक ‘त्यांचा’च राहतो. म्हणजे नाट्यात जे विघ्न ठरते, तेच येथे वाङ्मयप्रकाराचे लक्षण बनते.

या पेचाचा विचार करण्यासाठी जॉन क्राकाउर यांच्या ‘इन्टू थिन एअर’ (१९९७) या पुस्तकाचे ग्रहण हे एक उपयुक्त उदाहरण आहे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर झालेल्या वादळात दोन्ही बाजूंचे मिळून आठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. दक्षिणेकडे न्यूझीलंडचे रॉब हॉल आणि अमेरिकेचे स्कॉट फिशर यांच्या व्यावसायिक मोहिमा होत्या; उत्तरेकडे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची मोहीम होती. क्राकाउर हे ‘आउटसाइड’ मासिकाचे प्रतिनिधी म्हणून हॉल यांच्या मोहिमेत होते आणि शिखर गाठून जिवंत परतले. त्यांचा लेख सप्टेंबर १९९६ च्या अंकात आला व पुढील वर्षी पुस्तक आले. लेखावर वाचकांच्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांतील काही पत्रे, त्यांत फिशर यांच्या बहिणीचे कठोर पत्रही, लेखकाने आपल्या पुस्तकातच समाविष्ट केली. संहितेने आपले वाचक पोटात घेतले, ही घटना समीक्षेच्या दृष्टीने साधी नव्हे.

२

या पुस्तकावरील प्रतिक्रियांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला आप्तांचा. मृतांच्या नातलगांना कथनातील व्यक्ती ‘पात्र’ म्हणून मान्य होणे शक्यच नसते. दुसरा वर्ग कसबी वाचकांचा, म्हणजे स्वतः गिर्यारोहण करणाऱ्यांचा. प्राणवायूची नळकांडी कोणी कोठे ठेवली, दोर कोणी व केव्हा बांधावयास हवे होते, परत फिरण्याची वेळ का पाळली गेली नाही, असे त्यांचे प्रश्न असतात. तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग ज्यांनी हिम पाहिलेलेही नाही अशा सामान्य वाचकांचा. हा वाचक रसिक म्हणून पुस्तक उघडतो आणि न्यायाधीश होऊन मिटतो. दोष कोणाचा, हा त्याचा प्रश्न असतो.

या तिसऱ्या प्रतिक्रियेला भाबडी समजून बाजूला सारण्याचा मोह समीक्षकाला होतो. पण तो आवरला पाहिजे. हा न्यायाधीश-वाचक संहितेबाहेरून आलेला नाही. संहितेनेच त्याला घडविले आहे. या कथनाचा निवेदक सतत साक्ष देतो, वेळांची नोंद करतो, इतरांच्या आणि स्वतःच्याही निर्णयांची उलटतपासणी करतो. फिलिप लेज्यून यांनी १९७५ साली मांडलेला ‘आत्मचरित्रात्मक करार’ येथे जबानीचे रूप घेतो. जबानी ऐकणाऱ्याला निकाल देण्यावाचून दुसरी भूमिका उरत नाही.

साक्षीदाराची विश्वसनीयता मात्र या कथनात आतूनच ढासळते. मासिकातील लेखात क्राकाउर यांनी मार्गदर्शक अँडी हॅरिस हे छावणीच्या अगदी जवळ येऊन नंतर कड्यावरून कोसळले असावेत, असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यांनी वादळात पाहिलेली व्यक्ती हॅरिस नव्हती, दुसऱ्या मोहिमेतील मार्टिन अ‍ॅडम्स होती. हा उलगडा लेख छापावयास गेल्यानंतर झाला आणि पुस्तकात त्याची सविस्तर कबुली आली. विरळ हवेने साक्षीदाराची दृष्टीच फसविली होती. ज्या वाचकाला निकाल द्यावयाचा आहे, त्याला पुरावाच प्राणवायूच्या अभावी गोळा झालेला मिळतो. पुस्तकाचे शीर्षक अशा रीतीने पर्वतापेक्षा कथनाच्याच अवस्थेचे वर्णन करू लागते.

तरीही वाचक निकाल देण्याचे थांबला नाही. अनातोली बुक्रेव यांच्याविषयीचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. फिशर यांच्या मोहिमेतील हे मार्गदर्शक कृत्रिम प्राणवायूशिवाय चढले आणि सहभागींच्या आधी खाली उतरले, यावर क्राकाउर यांनी टीका केली. त्याच रात्री वादळात एकट्याने बाहेर पडून त्यांनी तीन जणांना वाचविले, हेही नोंदविले. वेस्टन डिवॉल्ट यांच्यासह लिहिलेल्या ‘द क्लाइंब’ (१९९७) मध्ये बुक्रेव यांनी आपली बाजू मांडली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये अन्नपूर्णेवर हिमस्खलनात त्यांचा अंत झाला. वाचकवर्ग दोन पक्षांत विभागला गेला. येथे आयझरच्या परिभाषेतील ‘रिक्त जागा’ वेगळ्या प्रकारे काम करतात. कादंबरीतील रिक्त जागा वाचकाची कल्पनाशक्ती भरून काढते. सत्यकथनातील रिक्त जागा दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहते. तो साक्षीदार मेला तर ती जागा रितीच राहावयास हवी. वाचक मात्र ती आपल्या पक्षपाताने भरून टाकतो.

३

या रितेपणाची सर्वांत मोठी कसोटी उत्तरेच्या बाजूला लागते. सुभेदार त्सेवांग सामन्ला, लान्स नायक दोर्जे मोरुप आणि हेड कॉन्स्टेबल त्सेवांग पालजोर हे तिघे लडाखी जवान १० मे रोजी चढाई करीत होते. त्यांनी शिखर गाठल्याचे बिनतारी संदेशाने कळविले. ते खरोखर शिखर होते की त्याखालचा एखादा उंचवटा, याविषयी मतभेद राहिले. दुसऱ्या दिवशी जपानच्या फुकुओका मोहिमेचे गिर्यारोहक त्यांच्या जवळून पुढे गेले, आणि त्यांनी मदत का केली नाही, यावरून वाद पेटला. क्राकाउर यांच्या कथनात या प्रसंगाला थोडीच पाने मिळाली, आणि तीही दुसऱ्यांच्या वृत्तांतावर आधारलेली. ज्यांच्या बोलण्याला, विनोदाला, कुटुंबाला वाचक ओळखतो, त्यांच्याबद्दल तो हळहळतो. ज्यांची केवळ नावे येतात, त्यांचा मृत्यू आकड्यात जमा होतो. पुढे उत्तरेच्या वाटेवरील एका मृतदेहाला पायांतील बुटांच्या रंगावरून नाव पडले. तो बहुधा पालजोर यांचा, असे मानले गेले. काहींनी मोरुप यांचे नाव घेतले. माणसाच्या जागी बूट उरणे, ही कथनाच्या असमान वाटपाची अंतिम परिणती होय.

या बाजूची साक्ष अगदीच उपलब्ध नव्हती असे नाही. मोहिमेचे उपनेते पी. एम. दास यांचा वृत्तांत १९९७ मध्ये ‘हिमालयन जर्नल’मध्ये आला. ज्या हिमालयन क्लबचे हे नियतकालिक, त्याचा कारभार मुंबईतून चालत आला आहे. म्हणजे मराठी वाचकाच्या दारात ही साक्ष होती. तरीही या घटनेचा विचार तो प्रायः अमेरिकी पुस्तकाच्या चौकटीत करतो. कारण अहवाल माहिती देतो, न्यायासन देत नाही. आणि वाचकाला न्यायासनाची सवय लागलेली असते.

४

मराठी वाचकाचे अपेक्षाक्षितिज येथे तपासण्याजोगे आहे. डोंगराविषयीची त्याची कल्पना गडकोटांनी, हिरकणीच्या आख्यायिकेने आणि गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणाने घडविली. डहाणूतील मसोलीसारख्या वस्तीतील वाचकाला तर आरोहणाचे अगदी निराळे रूप परिचित असते. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत वाघाडीचा पुजारी रात्री ध्वज घेऊन डोंगरावर चढतो. तो सर्वांच्या वतीने चढतो. चढण्याचा मान परंपरेने येतो, तो विकत मिळत नाही. अशा क्षितिजातून पाहणाऱ्याला ६५ हजार डॉलर मोजून हॉल यांच्या मोहिमेत सामील होणे हे उद्दामपणाचेच वाटते, आणि ‘पैशाची मस्ती, पर्वताने उतरविली’ हा निकाल तयार असतो.

हा निकाल नैतिक दिसतो, पण त्यात एक सोय दडलेली आहे. मृताला अपराधी ठरविले की वाचक निर्धास्त होतो. आपण तसे नव्हतो, म्हणून आपण सुरक्षित. शिवाय पैसे भरणाऱ्यांवरचा हा रोष पगारावर किंवा आज्ञेने चढणाऱ्यांना लागूच पडत नाही. सामन्ला आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाईक नव्हते. लोपसांग जांगबू शेर्पा हे तर मोलाने चढत होते. एका सहभागी महिलेला दोराने ओढत नेल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये एव्हरेस्टवरच हिमस्खलनात ते गेले. पुस्तक त्यांना वाचावयास मिळाले नाही.

‘बलुतं’ (१९७८) प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील वास्तवाने पांढरपेशा वाचक हेलावला, तर दया पवारांच्या स्वतःच्या समाजातील काहींना आपली अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखे वाटले. ज्यांच्याविषयी लिहिले जाते, तेही वाचक असतात आणि त्यांचे वाचन वेगळे असते, हे मराठी समीक्षेला तेव्हापासून ठाऊक आहे. दुर्घटनेच्या कथनात याच वर्गातील कित्येक जण वाचण्यासाठी उरलेलेच नसतात. त्यांच्या वतीने कोण वाचणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून सत्यकथनाच्या वाचकाने न्यायाधीशपद सोडावे, असे म्हणणे व्यर्थ आहे; संहिता त्याला ते सोडू देणार नाही. मात्र साक्ष अपुरी असताना निकाल राखून ठेवणे हाही न्यायाचाच भाग आहे. रसविघ्न ठरणारी विशिष्टता येथे विघ्न न राहता वाचकाचे दायित्व होते : प्रत्येक मृताचे नाव लक्षात ठेवणे, आणि त्याच्या बाजूचे कथन किती पानांचे आहे, हे मोजणे. असे वाचन आस्वादापेक्षा कष्टाचे असेल. या वाङ्मयप्रकाराला वाचकाकडून तेवढ्याची अपेक्षा आहे.