साविन आणि महालय : मूळ शोधण्याची रीत

इ. स. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे आपल्या सीमाभागातील घरोघरी अभ्यंगस्नान होऊन अंगणात कारीट फोडले गेले, गोव्यात नरकासुराचे पुतळे जळाले. आणि त्याच तारखेच्या रात्री आयर्लंड-अमेरिकेत भुताखेतांची सोंगे घेतलेली मुले दारोदार खाऊ मागत हिंडली. असा योग जुळून आला की 'हॅलोवीन म्हणजे पाश्चात्त्यांचा पितृपक्षच. दोहोंचे मूळ एक' असे विधान सहज केले जाते. ते ऐकावयास गोड आहे. परंतु गोड विधान आणि सिद्ध विधान यांत अंतर असते, व त्या अंतराचाच येथे विचार करावयाचा आहे.

या कल्पनेचा उगम आपल्याकडचा नव्हे. प्राचीन केल्ट लोकांचा 'साविन' हा सण त्यांचा वर्षारंभ असावा, असा तर्क वेल्श पंडित जॉन ऱ्हीस यांनी १८८६ च्या आपल्या व्याख्यानांत मांडला. पुढे जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात (पहिली आवृत्ती १८९०, पुढे बारा खंडांपर्यंत विस्तार) हाच दिवस केल्टांचा मृतांचा सणही ठरविला. फ्रेझर यांचे एक निरीक्षण मार्मिक आहे. मे महिन्याचा व नोव्हेंबरचा आरंभ हे दिवस पेरणी-कापणीशी जुळत नाहीत. ते गुरे कुरणात नेण्याशी व हिवाळ्यासाठी गोठ्यात परत आणण्याशी जुळतात. येथवर त्यांचे पाऊल घट्ट आहे.

पुढचे पाऊल मात्र डळमळते. साविनविषयी आयर्लंडमध्ये जे जुने लेखन आढळते ते ख्रिस्ती मठांतील लेखकांनी मध्ययुगात केलेले आहे. त्यांत राजसभा, खेळ, मेजवान्या यांची वर्णने आहेत; त्या रात्री टेकड्यांतील अद्भुत लोकांची दारे उघडतात अशा कथाही आहेत. घरचे पूर्वज अन्नासाठी परत येतात, असे मात्र त्यांत स्पष्टपणे सांगितलेले नाही. सर्व संतांचा उत्सव आयर्लंडमध्ये आरंभी २० एप्रिलला होत असे. १ नोव्हेंबरची तारीख इ. स. ८३५ च्या सुमारास फ्रँक साम्राज्यात सर्वत्र रूढ झाली. सर्व मृतात्म्यांचा दिवस त्याला लागून आला तो आणखी पुढे, क्लूनी मठाच्या ओदिलो या महंताच्या प्रेरणेने. इंग्रज इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली ही सारी साधने तपासून फ्रेझर यांचा सिद्धांत अप्रमाणित ठरविला. सण जुना आहे, हे खरे; तो मृतांचाच होता, हा तर्क होय. फ्रेझर यांनी अलीकडच्या लोकाचारावरून दोन हजार वर्षांपूर्वीचा धर्म वाचला, हा त्यांच्या पद्धतीचा दोष.

याच्या शेजारी आपल्या कोकणच्या भूमीत जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' ठेवून पाहावा. त्याच्या चौथ्या खंडात (१९५३) श्राद्धाचे, तर पाचव्यात (१९५८ पासून) व्रतोत्सवांचे विवेचन आहे. काणे प्रत्येक आचाराचे वचन, ते ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ आणि त्या ग्रंथाचा काळ वेगवेगळा सांगतात. जेथे वचन नाही तेथे ते कल्पनेने जागा भरीत नाहीत. फ्रेझर यांचे वाचन मोहक आहे, काणे यांचे पुष्कळदा रुक्ष. पण विसंबावे ते काणे यांच्यावर.

फ्रेझर यांच्या रीतीने आपल्याच गावाकडे पाहिले तर काय होईल? बेळगावच्या बाजारात दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगतात. त्यावर राक्षसाचे तोंडही रंगवितात. हॅलोवीनलाही भोपळ्याला तोंड कोरतात. झाले, मूळ एकच! वस्तुतः आयर्लंडमध्ये कोरीत असत तो सलगम. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेले, तेव्हा तेथे मुबलक असलेला भोपळा त्यांच्या हाती आला. आपला कोहळा बळीच्या जागी आलेला आहे. चेहरा सारखा म्हणून गोत्र एक होत नाही.

तुलना करूच नये, असे नव्हे. ती आशयाची करावी. आपले पितर भुते नव्हेत, अतिथी आहेत. महालयात त्यांना बोलावितात, कावळ्याला घास ठेवतात. आणि महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून आश्विन अमावास्येस उल्कादान करावे, असे निबंधग्रंथ सांगतात. येथे दिवा आहे तो निरोपाचा, भिवविण्याचा नव्हे. हा भेद विसरून आपण महालयाला हॅलोवीनचे भावंड म्हणू लागलो, तर केल्टांचे काही बिघडत नाही; आपल्याच आजोबा-पणजोबांना आपण भुतांच्या रांगेत बसवितो.

मुळाचे वाद सीमाभागाला नवे नाहीत. जो आधी, त्याचे सारे, हा युक्तिवाद आपण फार ऐकला. परंतु महालय अमावास्येला कर्नाटक सरकारची सुट्टी असते, महाराष्ट्रात नसते. निपाणीतील कचेरी बंद, तर पलीकडे कागलची चालू. कावळ्याचा घास मात्र दोन्हीकडच्या मराठी आणि कन्नड घरांत त्याच दुपारी ठेवला जातो.

ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी शास्त्राने तिथी कल्पिली नाही. त्यांना सर्वपित्री अमावास्या दिली. त्यांचा मान राखला, आणि अज्ञान लपविले नाही. सणांचे मूळ शोधणाऱ्याने एवढा विवेक पाळला तरी पुरे.