कार्ड भरून देणारा पोरगा

अर्धापूरच्या मोबाईल दुकानांवर दहा-बारा वर्षांपूर्वी एक पाटी हमखास दिसायची, ‘गाणी भरून मिळतील’. केळीची गाडी घेऊन उत्तरेला निघालेला ड्रायव्हर खिशातून नखाएवढं मेमरी कार्ड काढायचा. काउंटरवरचा पोरगा विचारायचा, “जुने टाकू का नवे? व्हिडिओ पायजेत का?” 2 जीबीच्या कार्डात 128 केबीपीएसची चारेकशे गाणी मावत. मिनिटाला साधारण एक एमबी, हा हिशेब त्याला तोंडपाठ. व्हिडिओ थ्रीजीपीचे, 176 बाय 144 ठिपक्यांचे. नाचणारीचे हात दिसत, बोटं दिसत नसत.

या पोरानं एक बारीक काम केलेलं असायचं. स्वस्तातले काही प्लेअर नावाच्या क्रमानं गाणी वाजवतात, म्हणून तो प्रत्येक फाइलीच्या आधी 001, 002 असे आकडे घालायचा. वर हिंदी, मध्ये आनंद-मिलिंद शिंदे, मग प्रल्हाद शिंदे. माल चोरीचा होता, गायकाला त्यातला छदाम मिळत नव्हता, हे कबूल. पण निवड करणं ही कला असेल, तर ती त्याला येत होती.

सोनीचा वॉकमन 1979 चा, ॲपलचा आयपॉड 2001 चा. हा दुसरा टप्पा आमच्याकडे जवळपास आलाच नाही. आम्ही कॅसेटवरून थेट कार्डावर उडी मारली. मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, डेटा काही महिने फुकट झाला आणि पाटीवर स्क्रीनगार्ड चढलं.

फायदा झालाच. पूर्वी भीमजयंतीच्या तोंडावर नवी कॅसेट काढायची तर कंपनीचे उंबरे झिजवावे लागत. आता गाणारा पोरगा घरातून यूट्यूबवर टाकून मोकळा होतो. मात्र ही गाणी मिरवणुकीतल्या डीजेच्या बेससाठीच बांधलेली. फोनवर ऐकली की बेस गळून पडतो आणि नुसती चरचर उरते. शाहीर वामनदादा कर्डकांच्या परंपरेत शब्द आधी पोचायचा. इथं तो शेवटी पोचतो, पोचलाच तर.

निवडीचं तर विचारूच नका. परवा एक गोंधळ ऐकला, त्यामागून गाण्यांच्या ॲपनं लागोपाठ तीन हळदीचे रिमिक्स लावले. माझ्या यादीतली अकरा गाणी एका सकाळी करडी पडली, वाजेनात. पैसे मी दर महिन्याला भरत होतो, माल मात्र माझा कधी नव्हताच.

म्हणून मला 2017 साली आलेला सारेगामाचा कारवां महत्त्वाचा वाटतो. दिसायला जुना रेडिओ, पोटात पाच हजार गाणी, इंटरनेटची गरज नाही. म्हाताऱ्यांचं खेळणं म्हणून लोक हसले. माझ्या मते पुढची वाट तिकडंच आहे: गाणी डब्यात, डबा आपला. घरातलं ऐकणंही त्यानं परत समोरच्या खोलीत येतं, नाहीतर आता चार माणसं चार कोपऱ्यांत आपापल्या कानात बोळे घालून बसतात.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत रात्री एका शेतात गेलो होतो. कुकरची वाफ, ओल्या हळदीचा उग्र वास, रेंजची एक काडी. एका पोराच्या हातातला व्हिडिओ गोल फिरत थांबलेला. पोत्यावरच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये मात्र कुणाचं तरी जुनं कार्ड घातलेलं होतं, आणि ते वाजत होतं.