कर्ज त्यांचं, माल आपला : एक्झिम बँकेची एक चिकित्सा

बँकेवर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. 'मदत' हा शब्द कोण, कोणासाठी आणि कशाला वापरतो, हे तपासणं आमचं जुनंच काम आहे. म्हणून इथे आलो.

भारतीय निर्यात-आयात बँक, म्हणजेच एक्झिम बँक, १९८१ च्या कायद्याने स्थापन झाली. १९८२ मध्ये तिचं काम सुरू झालं. मालकी पूर्णपणे केंद्र सरकारची, मुख्यालय मुंबईत. तिची गरज आम्हाला मान्य आहे. परदेशातल्या जोखमीच्या प्रकल्पाला दीर्घ मुदतीचं कर्ज द्यायला व्यापारी बँका कचरतात. ती पोकळी कुणीतरी भरायलाच हवी.

आक्षेप आहे तो एका विशिष्ट व्यवहाराबद्दल. सरकारच्या वतीने ही बँक विकसनशील देशांना सवलतीची कर्जं देते, त्यांना 'लाइन ऑफ क्रेडिट' म्हणतात. हमी केंद्र सरकारची, व्याजाच्या सवलतीचा भारही त्याच्यावर, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्यावर. अट अशी, की साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. पैसे थेट भारतीय निर्यातदाराला मिळतात. तिकडे जातो माल, आणि नावावर चढतं ते ऋण.

उदाहरण घेऊ. इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी आपण ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यातला तेंदाहोचा कारखाना ठरल्या वेळेपेक्षा वर्षानुवर्षं रखडला. आता, कारखाना रखडला म्हणून शेतातला ऊस वाढायचा थांबत नाही, हे पश्चिम महाराष्ट्राला आम्ही काय सांगावं! आणि कर्जाचे हप्ते तर उसासाठीही थांबत नाहीत.

बँक म्हणेल, प्रकल्प चालवणं हे त्या देशाचं काम. आम्ही फक्त कर्ज दिलं. वरवर हे बरोबर वाटतं. पण कोणाच्या दुकानातून घ्यायचं हे तुम्हीच ठरवलंत ना? दुसऱ्याची निवड आपण संकुचित केली, की परिणामाची जबाबदारीही त्या प्रमाणात आपल्याकडे येते. कांटने सांगितलं होतं, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. निर्यात वाढवण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते निर्यात झाली की काम झालं, असं मानणं. तिथला ऊस उत्पादक या हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. किती कर्ज मंजूर झालं आणि किती वितरित झालं, एवढ्यावर यश मोजू नका. प्रकल्प पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी तो चालतो का, हे तिथे जाऊन पाहा, आणि जे दिसेल ते जसंच्या तसं प्रसिद्ध करा. हे करायची तयारी नसेल, तर व्यवहाराला खुशाल व्यापार म्हणा. व्यापार काही पाप नाही. फक्त त्याला मदत म्हणू नका.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न.