भाषिक नकाशातील वर्गसीमा : 'मॅपक्लासिफाय'चे परीक्षण

जनगणनेतील भाषाविषयक आकडे नकाशावर उतरवावयाचे म्हणजे प्रथम त्या आकड्यांचे वर्ग पाडणे आले. पायथॉन या संगणकीय भाषेतील 'मॅपक्लासिफाय' हा आज्ञावलीसंग्रह नेमके हेच कार्य करतो. 'पायसाल' या अवकाशीय विश्लेषणाच्या प्रकल्पाचा तो एक भाग असून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. समान अंतराची, समान संख्येची, प्रमाण विचलनावर बेतलेली, अशा अनेक पद्धती त्यात एकत्र आल्या आहेत, हा त्याचा निःसंशय गुण होय.

मात्र यांतील प्रत्येक पद्धत आकड्यांविषयी एक वेगळे विधान करीत असते. दहा जिल्ह्यांत एखाद्या भाषेच्या भाषकांचे शेकडा प्रमाण २, ३, ४, ५, ६, ७, ८, ३०, ३३ आणि ९० आहे असे कल्पू. तीन वर्ग पाडावयाचे झाल्यास समान अंतराची पद्धत पहिली सीमा ३१.३३ वर आखते. म्हणजे ३० चा जिल्हा २ च्या पंक्तीस बसतो आणि ३३ चा वेगळा पडतो. समसंख्य पद्धतीत ५ व ६ यांची फारकत होते, आणि ३० व ९० एकाच रंगात येतात. फिशर-जेंक्स पद्धत २ ते ८, ३० व ३३, आणि ९० असे गट करते. अशा गटांस 'नैसर्गिक खंड' म्हणण्याचा प्रघात आहे. 'नैसर्गिक' हा शब्द भाषाशास्त्राच्या अभ्यासकास खटकल्यावाचून राहत नाही. वर्गांतर्गत विचलन किमान असावे हा निकष मनुष्याचाच. वर्गांची संख्याही आपणच ठरवितो, न ठरविल्यास संग्रह ती ५ धरतो. शिवाय कोणता जिल्हा कोणाच्या शेजारी आहे, याची या गणितास दादही नसते. बोलींच्या सीमारेषा शोधणाऱ्यास ही उणीव लहान नव्हे.

स्वतःच्या सीमा देण्याची सोय संग्रहात आहे, पण तेथे एक खाच आहे. १९५५ च्या राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालात द्विभाषिकतेच्या संदर्भात सुमारे ३० टक्क्यांचा दंडक आला आहे. त्या धर्तीवर '३० व अधिक' असा वर्ग करण्यासाठी ३० ही सीमा दिली, तर नेमका ३० चा जिल्हा खालच्या वर्गात जातो. कारण संग्रह वरची सीमा त्याच वर्गात समाविष्ट करतो. छापलेल्या निष्कर्षात चौकोनी कंसाने हे सूचित होते खरे, परंतु रंग पाहणारा वाचक कंसापर्यंत क्वचितच पोहोचतो. आकडे पूर्णांकी असतील तर ३० ऐवजी २९.५ ही सीमा द्यावी.