पडद्याखालची ओळ कुणासाठी?

नोव्हेंबर २०२२मध्ये पणजीला भरलेल्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात फ्रान्स हा केंद्रस्थानी असलेला देश होता. तिथले नवे चित्रपट एका वेगळ्या विभागात दाखवले गेले. अशा महोत्सवांच्या बातम्या आम्ही नागपूरकर बहुधा वर्तमानपत्रातच वाचतो. नागपूर मेट्रोसाठी फ्रान्सच्या विकास संस्थेचे कर्ज आले, मिहानमध्ये फ्रेंच विमानांचे सुटे भाग बनू लागले; फ्रेंच सिनेमाची वाट मात्र अजून पणजी, पुणे, मुंबई अशीच राहिली आहे. उद्या समकालीन फ्रेंच सिनेमाचा महोत्सव नागपुरात भरवायचा झाला, तर त्यात काय असावे आणि तो कुणासाठी असावा, याचा विचार आम्हांला इथे करायचा आहे.

फ्रेंच सिनेमा म्हटले की पॅरिसचे रस्ते, कॉफी आणि प्रेमभंग एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु त्याच देशात अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, माली इथून आलेली लाखो मुस्लिम कुटुंबे राहतात. त्यांची मुले कॅमेऱ्यापुढे आली, तशी कॅमेऱ्यामागेही गेली. रशीद बुशारेब यांचा ‘आँदिजेन’ (२००६) दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांची कथा सांगतो. त्यातील पाच नटांना कान महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक एकत्रित मिळाले. अशा माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन १९५९पासून गोठवलेले होते. चित्रपट प्रदर्शित होत असतानाच फ्रेंच सरकारने ते फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याचा निर्णय जाहीर केला. सिनेमाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उदाहरण पुरे आहे.

तथापि सगळ्याच गौरवलेल्या चित्रपटांपुढे मान तुकवावी, असे आम्ही म्हणणार नाही. जाक ओदियार यांच्या ‘अ प्रॉफेट’ला २००९ साली कानमध्ये ग्रां प्री मिळाले. निरक्षर मलिक तुरुंगात येतो, तिथेच अक्षरे शिकतो आणि तिथेच टोळीचा म्होरक्या होतो. ताहर रहीमचा अभिनय अव्वल आहे, दिग्दर्शकाची पकड पक्की आहे. तरीही मनात येते, की मुसलमान पडद्यावर दिसण्यासाठी त्याला आधी तुरुंगात का जावे लागते? हिंदी सिनेमाने हा प्रश्न आमच्या अंगवळणी पाडला आहे. तो फ्रेंच भाषेत आला म्हणून निराळा होत नाही.

लाज ली यांचा ‘ले मिझेराब्ल’ (२०१९) या सापळ्यातून बराचसा निसटतो. तो आरंभीच एक चित्र दाखवतो. २०१८चा विश्वचषक फ्रान्सने जिंकला आहे आणि इसा नावाचा काळा पोरगा तिरंगी झेंडा पांघरून पॅरिसच्या गर्दीत नाचतो आहे. पुढे हाच इसा पोलिसाच्या रबरी गोळीने जखमी होतो. झेंडा सगळ्यांचा, वस्ती मात्र काहींचीच! ज्यांनी नागराज मंजुळे यांचा नागपुरात घडणारा ‘झुंड’ (२०२२) पाहिला आहे, त्यांना भिंतीआडची ही पोरे परकी वाटणार नाहीत. लाज ली स्वतः माँफर्मेच्या त्याच वस्तीत वाढले; त्यामुळे त्यांच्या चित्रणात बाहेरून आलेल्याची कीव नाही. उणीव एकच, पण मोठी आहे. या वस्तीतल्या बाया चित्रपटाच्या कडेकडेनेच वावरतात.

ती उणीव भरून काढणारा चित्रपट म्हणजे फिलिप फोकों यांचा ‘फातिमा’ (२०१५). २०१६ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार मिळाला. मोरोक्कोहून आलेल्या आणि साफसफाईची कामे करीत लिहिणाऱ्या फातिमा एलायूबी यांच्या लेखनावर तो आधारलेला आहे. चित्रपटातली फातिमा दोन मुलींची आई. थोरली नेसरीन वैद्यकीय शिक्षण घेते, धाकटी सुआद आईच्या कामाची लाज बाळगते. आई अरबीत बोलते, मुली फ्रेंचमध्ये उत्तर देतात. डोक्यावरचा रुमाल पाहून त्यांना घर नाकारले जाते, तेव्हा कुणी आवाजही चढवीत नाही. हे सभ्य नकार आमच्या ओळखीचे आहेत. जिन्यावरून पडून घरी बसावे लागते, तेव्हा मुलींना फ्रेंचमध्ये जे सांगता आले नाही ते फातिमा वहीत अरबीतून लिहू लागते. ना गोळीबार, ना भाषण. अवघ्या सव्वा तासाच्या या चित्रपटात एक बाई आपली भाषा राखते आणि दुसऱ्यांच्या भाषेत मुलींना उभे करते, एवढेच घडते. शेवटी ती एकटीच जाऊन मुलीच्या निकालाची यादी पाहते. ते दृश्य आम्हांला कुठल्याही विजयापेक्षा मोठे वाटते.

मुस्लिम मराठी लेखकाला ही वही ओळखीची वाटावी. घरात उर्दू, हिंदी, दखनी किंवा कोकणी बोली, शाळेत मराठी, नोकरीत इंग्रजी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच ओढाताण होती. आम्ही मराठीत लिहू लागलो खरे, पण ते वाचून दाखवायला आमच्या किती अम्मींजवळ बसलो?

आणि इथेच महोत्सवाचा प्रश्न येतो. आपल्याकडे फ्रेंच चित्रपट येतो तो पडद्याखाली इंग्रजी ओळ घेऊन. एका भाषेमुळे बाहेर राहिलेल्या आईची कथा आपण अशा रीतीने दाखवतो, की मोमिनपुऱ्यातली वा ताजबागेतली आई पुन्हा बाहेरच राहावी! तिची मुलगी नेसरीनसारखी आत बसून पाहील, रडेल, आणि घरी येऊन अम्मीला काय सांगेल?

म्हणून नागपुरात असा महोत्सव भरलाच, तर आमची मागणी वातानुकूलित सभागृहाची नाही. एक खेळ मोहल्ल्यातल्या शाळेत, दुपारच्या वेळी, बायांसाठी व्हावा. पडद्याखालची ओळ मराठीत आणि उर्दूत असावी. तेही जमत नसेल, तर शेजारी बसून कुणी तरी हलक्या आवाजात सांगत जावे. हे काम आमच्यातले लिहिते-वाचते लोकच करू शकतात. फातिमाची वही फ्रेंचमध्ये पोचली, पडद्यावर आली. आमच्या दारापर्यंत तिला आणायचे, तर शेवटची ओळ आम्हांलाच लिहावी लागेल.