माहिती आमची, थिअरी त्यांची?

एका विद्यापीठातलं चर्चासत्र. नाव नको, सगळीकडे हेच चाललंय. आपल्यातल्या एका पोरानं निबंध वाचला. चार गावं पायी हिंडून त्यानं पाणवठा, मसणवटा आणि लग्नाची वरात यांची हकिगत गोळा केली होती. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "माहिती छान आहे हो, पण यात थिअरी कुठाय?" सभागृहात हशा. पोरगं मान खाली घालून बसलं. मी मागच्या बाकावर होतो. तेव्हा मलाही उत्तर सुचलं नाही. ते आज देतोय.

पुढचा निबंध एका प्राध्यापकांचा. त्यात फ्रेंच विचारवंतांची डझनभर नावं, दोन आकृत्या, बाण इकडून तिकडं गेलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ही म्हणे थिअरी! च्यायला, नावं घेतली की सिद्धांत होतो, तर मग देवळातला भटजीही सिद्धांतच सांगतो.

हे मी एकटा म्हणत नाही. रॉबर्ट सटन आणि बॅरी स्टॉ या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९५ साली नेमका हाच हिशेब मांडला. संदर्भ म्हणजे सिद्धांत नव्हे. गोळा केलेली माहिती, घटकांची यादी, आकृत्या, नुसती गृहीतकं, यांतलं काहीच सिद्धांत नव्हे. सिद्धांत 'का?' या प्रश्नाला उत्तर देतो. एका गोष्टीतून दुसरी कशी निघते, ते सांगतो. मी माझ्याकडून एक अट जोडतो : आपण कुठे चुकीचे ठरू शकतो, तेही त्यानं सांगितलं पाहिजे.

ह्या मापानं आता आपल्या घरातलाच एक कागद मोजू. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचतात. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून येतो. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या त्या काळच्या जाणत्यांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात आणि सांगतात, तुम्ही जात सुटी धरून बघता, पण एकटी जात नसतेच, जाती नेहमी अनेक असतात.

मग येतो 'का'. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर जातीतच लग्न करायची सक्ती लादली, की जात तयार होते. पण गट बंद ठेवायचा तर आतले पुरुष आणि बायका यांचा मेळ बसला पाहिजे. नवरा मेला की बाई जास्तीची होते. तिनं बाहेर लग्न केलं तर कुंपण फुटतं, आत केलं तर दुसऱ्या पोरीचा नवरा जातो. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला तर जाळता येत नाही, म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयातही न आलेली पोर द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही चाली एका उत्तरात उलगडल्या. बाईच्या देहावरचा पहारा म्हणजेच जातीचं कुंपण, हे त्यांनी १९१६ साली दाखवलं.

आणि कसोटीही दिली. आधी ब्राह्मणांनी दार लावून घेतलं, मग इतरांनी त्यांची नक्कल केली किंवा त्यांना दार बंद मिळालं. नक्कल असेल तर जवळच्यांनी जास्त, लांबच्यांनी कमी केली असणार. म्हणून ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या जातींत तिन्ही चाली, त्याखाली वैधव्य आणि बालविवाह, त्याहून लांब नुसता बालविवाह. जा, गावोगाव मोजा, खरं की खोटं बघा! याला म्हणतात थिअरी.

वरचे खालच्यांना कित्ता होतात, ही गोष्ट एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कूर्गांवरच्या पुस्तकात 'संस्कृतीकरण' म्हणून मांडली. त्यांचा प्रश्न वेगळा होता, मान्य. पण त्यांचा शब्द समाजशास्त्राच्या वर्गात पाठ झाला आणि १९१६ चा कागद कितीतरी वर्षं 'दलित नेत्याचं लेखन' या फडताळात पडून राहिला. २००२ साली गोपाळ गुरू यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याच दुखण्यावर बोट ठेवलं : आपल्या समाजशास्त्रांतही वर्णव्यवस्था आहे, काहींनी सिद्धांत करायचा, बाकीच्यांनी अनुभवाचा कच्चा माल पुरवायचा.

इथवर टाळ्या वाजवणं सोपं आहे. पण मित्रांनो, आता आपल्याकडे वळतो. आपण तरी काय करतो? व्यासपीठावरून ओरडतो, मनूनं जाती केल्या. त्याच निबंधात बाबासाहेब सांगतात की एका माणसाच्या हातून एवढं होणं शक्य नाही, मनूनं आधीच असलेल्या गोष्टीला कायद्याचं रूप दिलं. पुढे २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली गेली, ती विषमतेला धर्माचा कायदा म्हणून. दोन्हींत विरोध नाही. विरोध आहे तो आपल्या न वाचण्यात. आपलं मत टिकत नाही असं दाखवून दिलं तर ते सोडायची तयारी बाबासाहेबांनी त्याच निबंधाच्या शेवटी दाखवली. आणि आपण त्यांच्या वाक्यांची पोथी करून बसलोय. तपासायला कुणी मागितलं की अंगावर धावून जातो. जे तपासायचंच नाही ते मंत्र होतं, सिद्धांत राहत नाही.

म्हणून अध्यक्षांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हसणं चुकीचं होतं, आणि तोच प्रश्न पुढच्या निबंधाला न विचारणं ही तर लबाडी होती. पण आपल्याला तो प्रश्न झेपला पाहिजे. पोरा, तुझ्या चार गावांत वरात एकीकडं अडवली, दुसरीकडं नाही अडवली. का? आपली माणसं पाटलाच्या शेतावरची सालदारी सोडून शहराच्या कामाला गेली, तिथं अडवतात, की जिथं अजून त्याच्याच ज्वारीवर जगतात तिथं? तुझा अंदाज लिही. कोणतं गाव सापडलं तर तो खोटा ठरेल, तेही लिही. मग ते गाव शोधायला निघ.

मी त्याला हे सांगितलंय. निबंध पुन्हा लिहितोय म्हणाला. पाचवं गाव बघायला सोबत कुणी येणार असेल तर कळवा.

जयभीम.